बटण दाबणारे आणि उत्तर लिहिणारे

देशकार्य हल्ली अंगठ्याने होऊ लागले आहे. सकाळचा चहा संपण्यापूर्वी चार संदेश पुढे धाडले, दोन निषेधांखाली नाव टाकले आणि एखाद्या मोहिमेला पाठिंबा दर्शवणारे बटण दाबले की आजचे राष्ट्रीय कर्तव्य पार पडले, असे समाधान मानणारा एक मोठा वर्ग निर्माण झाला आहे. हा वर्ग केवळ विरोधकांच्या गोटात आहे, अशा भ्रमात कोणी राहू नये. तो आपल्या घरात आहे, आपल्या बैठकीत आहे. खरे तर बैठकीत तो नसतोच. बैठकीला आठ जण येतात आणि मोबाइलवरील गटात मात्र अडीचशे सभासद असतात!

संख्या म्हणजेच जनमत, असे आपण समजू लागलो आहोत. ही समजूत किती पोकळ आहे, हे दाखवून देणारे एक प्रकरण आपल्याच देशात २०१५-१६ मध्ये घडले. जगातील एका बलाढ्य कंपनीने लाखो भारतीयांची नावे एका टोपलीत घालून सरकारी नियामकापुढे ठेवली आणि तरीही ती हरली. ती का हरली, याचा आपण पुरेसा विचार केलेला नाही. विजयाचा आनंद साजरा करून आपण मोकळे झालो आणि त्यातला धडा मात्र विसरलो.

रस्ता कोणाचा, जकात कोणाची?

प्रकरणाची सुरुवात मध्यमवर्गीय घरातूनच झाली. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणासाठी वेगळा आकार घेण्याचे जाहीर केले. परदेशातील मुलाशी स्काइपवरून बोलणाऱ्या आई-वडिलांनी इंटरनेटचे पैसे भरलेलेच होते. आता त्याच इंटरनेटवर काय करता, हे पाहून पुन्हा पैसे मागितले जाणार होते. गदारोळ झाला आणि कंपनीने त्याच महिन्यात पाऊल मागे घेतले.

पण प्रश्न मिटला नव्हता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २७ मार्च २०१५ रोजी या विषयावर एक सल्लामसलत पत्र प्रसिद्ध केले. पृष्ठे ११८, प्रश्न २०, आणि उत्तरे देण्यास मुदत २४ एप्रिलची. भाषा इंग्रजी, तीही सरकारी आणि तांत्रिक. सामान्य माणसाने दुसऱ्या पानावरच ते मिटून ठेवावे, असा सगळा थाट.

विषय मात्र सामान्य माणसाचाच होता. रस्ता बांधणाऱ्याने पथकर घ्यावा, याला कोणाची हरकत नाही. परंतु गाडीत कोणत्या दुकानाचा माल आहे हे पाहून एकाला फुकट सोडायचे, दुसऱ्याला अडवायचे आणि तिसऱ्याकडून दुप्पट घ्यायचे, हा अधिकार रस्तेवाल्याला द्यायचा का? इंटरनेटवरील सर्व वाहतुकीला समान वागणूक मिळावी, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. नाव परके असले तरी न्याय आपल्या ओळखीचा आहे.

आणि अन्यायही ओळखीचाच आहे. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला अवघ्या तीन हजार रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकातमुक्त व्यापाराची सनद दिली. देशी व्यापाऱ्याला मात्र नाक्यानाक्यावर जकात भरावीच लागे. कंपनीच्या नोकरांनी आपल्या खासगी व्यापारासाठीही त्या सवलतीचे परवाने सर्रास वापरले. पुढे १७६३ मध्ये बंगालचा नवाब मीर कासीम याने साधा उपाय केला. त्याने जकात सर्वांसाठीच रद्द केली. कोणाचा माल अडवला नाही, कोणाची सनद फाडली नाही. केवळ सर्वांना एका पातळीवर आणले. कंपनीला नेमके हेच सोसले नाही आणि बक्सारच्या लढाईचा मार्ग त्यातूनच मोकळा झाला. सवलत ज्याला मिळते त्याला समानता हाच अन्याय वाटतो, हा इतिहासाचा दाखला आहे.

‘गरिबांसाठी’ आलेले दान

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्स या कंपनीच्या साहाय्याने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना भारतात आणली. पहिल्या टप्प्यातील प्रदेशांत महाराष्ट्रही होता. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्या इंटरनेटसाठी पैसे मोजा, असे तिचे स्वरूप. नावातील ‘ऑर्ग’मुळे ही एखादी सेवाभावी संस्था असावी असा समज व्हावा, अशी रचना होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचे ‘फ्री बेसिक्स’ असे नामांतर झाले.

या दानाच्या अटी पाहण्यासारख्या होत्या. कोणते संकेतस्थळ आत येणार, याच्या तांत्रिक अटी फेसबुक ठरवणार. चित्रफिती नाहीत, इंटरनेटवरून संभाषण नाही. वाहतूक फेसबुकच्या यंत्रणेतून जाणार. गावातल्या मुलाने पहिल्यांदा इंटरनेट उघडले की त्याला जे दिसेल ते इंटरनेट नसून एका कंपनीने आखून दिलेले अंगण असेल; आणि या अंगणालाच तो जग समजेल.

२८ डिसेंबर २०१५ रोजी मार्क झुकेरबर्ग यांनी एका भारतीय इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. ग्रंथालये, सरकारी रुग्णालये, शाळा यांच्याशी फ्री बेसिक्सची तुलना केली आणि महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले. त्याला या योजनेमुळे हवामान समजते, बाजारभाव समजतो, असे त्यात सांगितले होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची ही काळजी कौतुकास्पदच म्हणायची! मात्र सार्वजनिक ग्रंथालयात कोणती पुस्तके ठेवावीत, हे एखादा पुस्तकविक्रेता ठरवीत नसतो, एवढा फरक लेखात सांगायचा राहून गेला. शेतकऱ्याला फुकट सल्ला देणारी किसान कॉल सेंटरची सरकारी सेवा २००४ पासून या देशात चालू आहे, हेही राहून गेले. त्या सेवेत उणिवा असतील. त्या दूर करण्यासाठी आपण सरकारला जाब विचारू शकतो. एका परदेशी कंपनीच्या संचालक मंडळाला आपल्या गावातील शेतकरी जाब कुठे विचारणार?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. हा प्रश्न केवळ परकीय कंपनीचा नव्हता. एप्रिल २०१५ मध्ये ‘एअरटेल झीरो’ ही योजना आणणारी कंपनी भारतीय होती आणि फेसबुकला रस्ता उपलब्ध करून देणारी कंपनीही भारतीयच. स्वदेशी म्हणजे मालकाचे आडनाव पाहणे नव्हे. ज्या व्यवस्थेत आपल्या समाजाच्या हाती निर्णय उरतो ती स्वदेशी. ज्या व्यवस्थेत तो उरत नाही ती परकी, मग तिचे मुख्यालय कोठेही असो.

संख्या हरली, उत्तर जिंकले

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मार्च २०१५ चे ते ११८ पानी पत्र काही तरुण वकिलांनी, संगणक अभियंत्यांनी आणि पत्रकारांनी एकत्र बसून वाचले. ‘मीडियानामा’चे संपादक निखिल पाहवा हे त्यांच्यातील एक प्रमुख. त्यांनी त्या पत्राचा साध्या भाषेत सारांश केला, वीसही प्रश्नांची मुद्देसूद उत्तरे तयार केली आणि ती लोकांपुढे ठेवली. ११ एप्रिलला ‘एआयबी’ या विनोदी मंडळींनी एक चित्रफीत काढून विषय घरोघरी पोहोचवला. याच मंडळींच्या जाहीर कार्यक्रमातील अश्लीलतेवरून त्याच वर्षी मुंबईत वादळ उठले होते आणि ते रास्तही होते. पण या वेळी त्यांनी उपयुक्त काम केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल पोहोचले. फ्लिपकार्टने एअरटेलच्या योजनेतून अंग काढून घेतले. क्लिअरट्रिपने फेसबुकची योजना सोडली.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने दुसरे पत्र काढले. या वेळी प्रश्न केवळ चार होते. सेवा पाहून वेगवेगळा दर लावू द्यावा का, हा त्यांचा गाभा. आता फेसबुक सावध होते. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. फेसबुक उघडणाऱ्या भारतीयापुढे आयता मजकूर ठेवला गेला आणि ‘फ्री बेसिक्स वाचवा’ म्हणून बटण दाबण्याचे आवाहन करण्यात आले. लाखो लोकांनी ते दाबले. त्यातील किती जणांना आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, हे ठाऊक होते?

ट्रायकडे आलेल्या सुमारे २४ लाख प्रतिक्रियांपैकी १८ लाख ९४ हजार फ्री बेसिक्सच्या पाठिंब्याच्या होत्या. मतदान असते तर निकाल स्पष्ट होता. पण ट्रायने विचारले, आमच्या चार प्रश्नांची उत्तरे यांत कुठे आहेत? पत्र वेगळ्या दरांविषयी होते आणि आयता मजकूर एका कंपनीच्या एका योजनेचे गुणगान करीत होता. चार प्रश्न वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवा, असे ट्रायने फेसबुकला कळवले. जानेवारी २०१६ मधील पत्रात तर एका गंभीर सल्लामसलतीला घडवून आणलेल्या बहुमत चाचणीचे रूप देण्याचा हा प्रयत्न असल्याचे कडक शब्दांत सुनावले.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी निकाल आला. मजकूर पाहून वेगवेगळा दर लावण्यास मनाई करण्यात आली. भंग करणाऱ्यास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड. फेसबुकने तीन दिवसांत भारतातील योजना गुंडाळली. संतापाच्या भरात कंपनीच्या संचालक मंडळातील मार्क अँड्रीसन यांनी ट्विटरवर आपले मन मोकळे केले. वसाहतवादाला विरोध करण्याने भारतीयांचे अनेक दशके आर्थिक वाटोळे झाले आहे, मग आता तरी कशाला थांबायचे, असा त्याचा आशय. नंतर विधान मागे घेतले, क्षमाही मागितली. परंतु दानाच्या हाताखाली कोणती वृत्ती दडलेली असते, ते क्षणभर उघडे पडायचे ते पडलेच.

तीन आक्षेप

या निकालावर तेव्हा घेतले गेलेले आक्षेप आजही ऐकू येतात. त्यांचा समाचार घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, उपाशी माणसाला अर्धी भाकरी मिळत होती, तीही पोटभर जेवलेल्यांनी हिरावून घेतली. आक्षेप भावनेला हात घालणारा आहे. पण पुढे काय झाले ते पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, स्पर्धा पेटली, दर कोसळले आणि गरीब माणसाच्या हातात निवडक संकेतस्थळे नव्हे, तर संपूर्ण इंटरनेट आले. त्या स्पर्धेचेही बळी आहेत. ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जाळ्यावर फ्री बेसिक्स उभे होते, त्या कंपनीची मोबाइल सेवाच बंद पडली. पण अर्धी भाकरी नाकारल्यामुळे गरीब उपाशी राहील, हे भाकीत खोटे ठरले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. २०१५ च्या एप्रिलमधील दहा लाख ई-मेल तरी काय, साच्यातूनच निघालेले होते ना? होते. बहुतेकांनी तयार उत्तरेच पाठवली. परंतु त्या साच्यात विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते, कारणांसह होते, आणि पाठवणाऱ्याला ते वाचून बदलता येत होते. कोणीतरी आधी ११८ पाने वाचली होती. त्या वाचनाचे बळ दहा लाखांच्या मागे उभे होते. दुसऱ्या बाजूला बटणाच्या मागे जाहिरातीचे अंदाजपत्रक होते. साचा दोन्हीकडे होता. अभ्यास एकीकडेच होता.

तिसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा. या चळवळीतील कितीतरी जण आपल्या विचारांचे नव्हते, मग तिचे कौतुक आपण का करावे? त्यांचे इतर विचार त्यांना लखलाभ. परंतु राष्ट्राच्या हिताचे एक काम त्यांनी अभ्यासाने केले, तेव्हा आपण कुठे होतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. परकीय भांडवलाविरुद्ध भाषणे देण्यात आपला हात कोणी धरणार नाही. पण ११८ पाने वाचण्याची वेळ आली तेव्हा ती वाचणाऱ्यांत आपल्यापैकी फारच थोडे होते. हे कटू आहे, पण खरे आहे.

फुकट पुन्हा दारात

हे सारे उगाळण्याचे कारण काय? कारण तेच दान नवे कपडे घालून पुन्हा दारात उभे राहिले आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटी या कंपनीची कृत्रिम बुद्धिमत्तेची सशुल्क सेवा एका वर्षासाठी फुकट दिली. ऑक्टोबरमध्ये गूगलने जिओच्या ग्राहकांसाठी आपली सेवा १८ महिन्यांकरिता फुकट जाहीर केली. नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटीची एक सशुल्क सेवा भारतीयांना वर्षभर फुकट देऊ केली. २०१६ च्या नियमाचा यात भंग झाला, असा आमचा दावा नाही. या साधनांचा उपयोग नाही, असेही नाही. विद्यार्थ्याला, व्यावसायिकाला तो जरूर होईल. प्रश्न एवढाच की, जे इतरत्र पैसे घेऊन विकतात ते येथे फुकट का वाटतात? आपल्या मुलांच्या सवयी, आपल्या भाषांतील कोट्यवधी प्रश्न, आपल्या शंका, आपले आजार, आपले घरगुती व्यवहार यांचे मोल त्या कंपन्यांना कळते. आपल्याला ते कळते का?

या विषयावर बोलण्याची संधी आपल्याला मिळालीच नाही, असे मुळीच नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याखालील नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये सरकारने लोकांपुढे ठेवला आणि हरकती-सूचना मागवल्या. मुदतही वाढवून दिली. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती कशी घ्यायची, हा त्यातील एक विषय. प्रत्येक घराशी निगडित विषय! नोव्हेंबर २०२५ मध्ये ते नियम अधिसूचित झाले. मुलांच्या हातातील मोबाइलविषयी चिंता व्यक्त करणारे किती संदेश त्या मधल्या काळात आपण पुढे धाडले? आणि त्या मसुद्यावर दोन ओळींची का होईना, सूचना किती जणांनी पाठवली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेकड्यांत असेल. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने स्वतःशी द्यावे.

कार्यकर्त्याचे काम

हरकती व सूचना! गावच्या विकास आराखड्यापासून दिल्लीच्या विधेयकापर्यंत हे तीन शब्द आपण वर्षानुवर्षे सरकारी जाहिरातींत वाचतो आणि पान उलटतो. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवला जावा, असे अपेक्षित आहे. ते सदैव पाळले जात नाही, ही तक्रार रास्त आहे. पण जेव्हा पाळले जाते तेव्हा त्या तीस दिवसांचे आपण काय करतो?

काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी चार-पाच जणांचा एक अभ्यासगट हवा. त्यात एक वकील, एक शिक्षक, एक संगणक जाणणारा तरुण आणि घर चालवणारी एक गृहिणी असावी. मसुदा आला की तो त्यांनी वाचावा, त्याचा दोन पानांचा मराठी सारांश करावा, बैठकीत समजावून सांगावा. मग ज्याचा-त्याचा अनुभव ज्याच्या-त्याच्या शब्दांत लिहून घ्यावा. दुकानदाराने आपल्या दुकानाचे लिहावे, शेतकऱ्याने आपल्या भावाचे, आईने आपल्या मुलाचे. तो कागद मुदतीच्या आत योग्य पत्त्यावर जावा आणि त्याची प्रत आपल्या दप्तरी राहावी. मसुदा इंग्रजीत असतो ही अडचण खरी आहे. तर मग तो भारतीय भाषांत असावा, हीच आपली पहिली हरकत असू द्या. आणि सरकार आपल्याला जवळचे वाटते म्हणून सूचना करायची नाही, ही वृत्ती तर निष्ठेची नव्हे, आळसाची आहे. आपल्या माणसाला चूक दाखवणे हे आपलेच काम असते.

स्वदेशी चळवळीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. मागणी किती? माणशी एक पैसा! त्या पैशांतून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. तो पैसा गोळा करणारा माणूस दारात उभा राहत असे, कशासाठी हवा ते सांगत असे, प्रश्नांना उत्तरे देत असे, कधी रिकाम्या हाताने परत फिरत असे. म्हणून त्या पैशाला वजन होते. संख्या तेथेही होती. पण प्रत्येक आकड्यामागे एक संवाद होता.

अंगठ्याचा एक स्पर्श पैशाहूनही स्वस्त आहे. त्यामागे संवाद नसेल, वाचन नसेल, तर तो कोणाच्याही बाजूने, कोणत्याही दिवशी विकत घेता येतो. १८ लाख ९४ हजार स्पर्शांच्या कथेचे सार हेच आहे. पुढचा मसुदा केव्हा येईल, हे सांगता येत नाही. पण तो येईल तेव्हा आपल्या गटातील अडीचशे जणांकडून त्याचा निषेध वा जयजयकार होऊ नये. बैठकीला येणाऱ्या आठ जणांनी तो उघडावा, पहिल्या पानापासून वाचावा आणि उत्तर लिहायला बसावे.